शंभरातून सात वजा करत चालून दाखवा

घरातल्या पॅसेजमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाड्यांची ये-जा नसेल तेव्हा, एक खेळ करून बघा. आधी नेहमीच्या वेगाने वीस-पंचवीस पावलं चाला. मग तेवढंच अंतर पुन्हा चाला, पण या वेळी शंभरातून सात-सात वजा करत आणि उत्तरं मोठ्याने म्हणत: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... दुसऱ्या कुणाला तरी बाजूला उभं राहून फक्त तुमच्या पायांकडे बघायला सांगा. हिशेब जड झाला की चाल मंदावते. कुणाचं पाऊल आखूड पडतं, कुणाचे हात हलायचे थांबतात, आणि एखादा 'पासष्टातून सात...' म्हणत चक्क उभाच राहतो. ज्यांचे पाढे फार पक्के आहेत त्यांनी सातऐवजी तेरा वजा करावेत. मग त्यांनाही कळेल.

गंमत म्हणून ठीक आहे, पण फिजिओथेरपिस्ट आणि मेंदूविकारतज्ज्ञ हाच खेळ तपासणी म्हणूनही वापरतात. त्याला 'ड्युअल टास्क' चाचणी म्हणतात. माणसाला आधी नुसतं चालवायचं, मग डोक्याला काम देऊन चालवायचं आणि दोन्ही वेळचा वेग मोजायचा. नुसतं चालताना सेकंदाला एक मीटर वेग असेल आणि वजाबाकी करताना तो ऐंशी सेंटिमीटरवर आला, तर दुहेरी कामाची किंमत २० टक्के झाली. या एका आकड्यातून बरंच काही समजतं. पण आधी प्रश्न असा की वजाबाकी डोक्यात चालते आणि चालतात पाय, तर एकाचा दुसऱ्याला त्रास का व्हावा?

ठेका पाठीच्या कण्यात, निर्णय कपाळामागे

पाय आपोआप चालतात ही समजूत अर्धी खरी आहे. मॉस्कोतल्या शिक, सेव्हेरिन आणि ओर्लोव्स्की या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी मांजराच्या मोठ्या मेंदूचा खालच्या भागाशी असलेला संबंध तोडला आणि मध्यमेंदूतल्या एका ठरावीक जागी विजेचा सौम्य प्रवाह दिला. फिरत्या पट्ट्यावर धरलेलं ते मांजर चालायला लागलं. प्रवाह वाढवला तसं ते दुडकं धावू लागलं, आणखी वाढवल्यावर चौखूर. विचार करणारा मेंदू हजरच नव्हता, तरी चारही पाय आपापल्या क्रमाने पडत होते. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूत चेतापेशींची अशी जाळी असतात, जी डाव्या-उजव्याचा ठेका स्वतःच धरतात. माणसातही अशी जाळी असल्याचे पुरावे आहेत. पण आपण दोन पायांवर चालतो, तोल सांभाळणं आपल्याला जास्त अवघड, त्यामुळे वरच्या मेंदूवर आपली भिस्त मांजरापेक्षा जास्त.

आणि प्रयोगशाळेतला पट्टा सपाट होता हेही विसरायला नको. जंगली महाराज रस्त्यासारखे काही रुंद केलेले फुटपाथ सोडले, तर पुण्यात सलग शंभर पावलं सपाट जमीन मिळणं ही चैनच आहे. उचकटलेला पेव्हर ब्लॉक, चेंबरचं वर आलेलं झाकण, सोसायटीच्या गेटसमोर अचानक उतरणारा फुटपाथ, झाडाचं मूळ, आडवी लावलेली दुचाकी, आणि ती चुकवायला रस्त्यावर उतरावं तर मागून उलट्या दिशेने येणारा स्कूटरवाला. यातल्या प्रत्येक ठिकाणी पाऊल कुठे टाकायचं, किती उचलायचं, थांबायचं की नाही हे ठरवावं लागतं. मज्जारज्जूला हे ठरवता येत नाही. त्यासाठी डोळे लागतात, कानातली तोलाची यंत्रणा लागते, तळपायांना जमिनीची जाणीव लागते. या सगळ्यांकडून आलेली माहिती जुळवून निर्णय घ्यायला लागतो कपाळामागचा मेंदूचा भाग. वजाबाकी करणं, वाक्य जुळवणं, 'दूध आणायचं राहिलं' हे लक्षात ठेवणं या कामांतही तोच भाग राबत असतो.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चालणाऱ्यांच्या डोळ्यांवर नजर टिपणारी यंत्रं बसवून त्यांना सपाट वाटेवर आणि खडकाळ वाटेवर चालवलं. २०१८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खडकाळ वाटेवर लोक वेग कमी करत होते, दोन-तीन पावलं पुढची जमीन बघत होते, आणि वाट कशीही असली तरी नजर साधारण दीड सेकंद पुढे राहील अशी चाल जुळवून घेत होते. आपल्याकडे पुढच्या जमिनीची माहिती साधारण दीड सेकंदाची शिल्लक असते, असं म्हणता येईल. फोनवर आलेला दोन ओळींचा मेसेज वाचायला त्याहून जास्त वेळ लागतो. तळजाईच्या टेकडीवर किंवा वेताळ टेकडीच्या दगडांवरून उतरताना आपण आपोआप गप्प होतो, त्याचं एक कारण हे असावं. तीच माणसं खाली उतरून डांबरी रस्त्यावर आली की अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा सुरू करतात.

कोणतं काम किती महाग

मेंदूतल्या या अडचणीसाठी मला बँकेतल्या एकाच चालू खिडकीची उपमा पटते. शाखेत काउंटर पाच असतील, पण सही करणारा साहेब एक. पासबुक भरणं, स्लिप घेणं अशी कामं बाजूला समांतर चालतात. सहीची वेळ आली की सगळे एकाच रांगेत. चालण्याची बरीचशी कामं सहीशिवाय होतात. फुटपाथवरून उतरताना, वळताना, रस्ता ओलांडताना मात्र सही लागते. नेमक्या त्याच क्षणी बोलण्यातला एखादा अवघड प्रश्न त्या खिडकीशी आला, की दोघांपैकी एकाला थांबावं लागतं.

त्यामुळे चालताना दुसरं काही करूच नये असा सरसकट नियम निघत नाही. दुसरं काम कोणतं, यावर सगळं आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असं दिसलं की बाहेरून येणाऱ्या गोष्टीला नुसता प्रतिसाद देण्यापेक्षा डोक्यातल्या डोक्यात काही घोळवत राहणं चालीला जास्त महाग पडतं. म्हणजे हॉर्न ऐकून बाजूला होणं स्वस्त, आणि मनातल्या मनात इस्टिमेटची बेरीज करणं महाग.

फोनवर टाइप करणं सगळ्यात महाग, कारण त्यात डोळे, हात आणि भाषा तिन्ही एकदम गुंततात. न्यूयॉर्कमधल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या लॅम्बर्ग आणि मुराटोरी यांनी २०१२ मध्ये धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. फोनवर बोलताना त्यांचा चालण्याचा वेग सुमारे १६ टक्क्यांनी घटला, मेसेज टाइप करताना ३३ टक्क्यांनी, आणि टाइप करणारे सरळ रेषेपासून ६१ टक्के जास्त भरकटले. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: टाइप करणारा माणूस डोकं आणि धड एकत्र जखडून घेतो. पडदा डोळ्यांसमोर स्थिर राहावा म्हणून शरीर ही तडजोड करतं. एरवी चालताना डोकं धडापासून थोडं मोकळं असतं आणि तोल सावरायला त्याची मदत होते. ती मदतच आपण काढून घेतो.

मग हेडफोन लावून बोललं तर? हात आणि डोळे सुटतात, खिडकी अडलेलीच राहते. वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठातल्या आयरा हायमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एका विदूषकाला एकचाकी सायकलवर बसवून कॅम्पसच्या चौकात फिरवलं. जांभळा-पिवळा पोशाख, लाल नाक, मोठाले बूट. चौक ओलांडून आलेल्यांना विचारलं, विदूषक पाहिलात का? एकट्याने चालणाऱ्यांपैकी ५१ टक्के हो म्हणाले, गाणी ऐकत चालणाऱ्यांपैकी ६१ टक्के आणि फोनवर बोलणाऱ्यांपैकी फक्त २५ टक्के. विदूषक त्यांच्या डोळ्यांसमोरूनच गेला होता. डोळ्यांवर प्रतिमा पडली, लक्षात शिरली नाही. २०१० मध्ये छापून आलेल्या या अभ्यासातला मला सगळ्यात आवडणारा आकडा मात्र वेगळाच आहे: जोडीने गप्पा मारत चाललेल्यांपैकी ७१ टक्क्यांना विदूषक दिसला. बोलत तर तेही होते!

फरक बहुधा सोबत्यात आहे. शेजारी चालणारा माणूस तोच रस्ता बघत असतो. रिक्षा अंगावर आली की तो वाक्य तोडतो, कोपराला धरून मागे ओढतो, विदूषक दिसला की 'ते बघ' म्हणतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला तुम्ही अलका टॉकीजच्या चौकात मध्यभागी उभे आहात हे माहीत नसतं. तो विचारतो, 'मग गुरुवारचं काय ठरलं?' आणि उत्तराची वाट बघतो. गाडी चालवणाऱ्यांवर यूटा विद्यापीठात झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं: फोनवरच्या संभाषणाने चालकाचं जेवढं बिघडलं, तेवढं शेजारी बसलेल्याशी बोलून बिघडलं नाही, कारण रहदारी अवघड झाली की दोघंही बोलणं आवरतं घेत होते.

याचा भुर्दंड फोनवाल्यालाच बसतो असंही नाही. तुळशीबागेत सणासुदीच्या गर्दीत बघा: कुणी शिट्टी न वाजवता, पट्टे न आखता जाणाऱ्यांची एक रांग आणि येणाऱ्यांची एक रांग आपोआप पडते. समोरच्याची खांद्याची दिशा, नजर, पावलाचा कल बघून आपण थोडं सरकतो, तोही थोडा सरकतो. टोकियोतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे मोजलं. २७-२७ माणसांचे दोन गट समोरासमोरून चालत आणले. मग एका गटातल्या फक्त तिघांना फोनमध्ये डोकं घालायला लावलं. ते तिघे गटाच्या पुढच्या भागात असले की रांगा पडायला उशीर झाला आणि साऱ्या गर्दीचाच वेग घटला. ज्यांच्या हातात फोन नव्हता त्यांचीही चाल अडखळली, कारण समोरचा कुठे वळणार याचा अंदाजच लागेना. या कामाला त्या वर्षीचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं पारितोषिक.

जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये फोनमध्ये मान घातलेल्यांसाठी सिग्नलचे दिवे जमिनीतच बसवले होते. अमेरिकेतल्या होनोलुलूत २०१७ पासून पडद्याकडे बघत रस्ता ओलांडला तर दंड होतो. आपल्याकडे जमिनीत दिवे बसवले तर आठवड्याभरात त्यांच्यावर कुणीतरी गाडी लावेल, तेव्हा तो मार्ग सोडून देऊ.

थांबून बोलणारी माणसं

सकाळी सारसबागेत किंवा कमला नेहरू पार्कात फिरायला येणाऱ्यांत एक ओळखीची तऱ्हा असते. आजोबा चालत असतात. मुद्दा महत्त्वाचा आला की थांबतात, सोबत्याकडे वळतात, बोट वर करून बोलतात आणि मग पुढे निघतात. काहींची ती लकब असते. पण स्वीडनमधल्या उमेओच्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या ५८ जणांसोबत चालताना सहज गप्पा सुरू केल्या आणि कोण थांबतं ते टिपून ठेवलं. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण किमान एकदा पडले. १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या पानभर टिपणाने या विषयाची दिशाच बदलली. ना महागडं यंत्र, ना स्कॅन; नुसती गप्पा मारायची तयारी.

याचा अर्थ थांबल्यामुळे ती माणसं पडली असा घेऊ नये. थांबणं हा मेंदूचा शहाणपणाचा निर्णय आहे: दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत, तर आधी तोल सांभाळू. धडधाकट माणूसही अवघड जागी हेच करतो. चिंतेची गोष्ट अशी की सरळ, सपाट वाटेवरसुद्धा हा निर्णय घ्यावा लागतोय. वय वाढतं तसे पायाचे स्नायू कमी होतात, नजर मंदावते, कानातली तोलाची यंत्रणा सुस्तावते. मधुमेह जुना असेल तर तळपाय बधिर होतात आणि जमीन कशी आहे हे पायाला कळेनासं होतं. मग जे काम पाय परस्पर उरकत होते, त्यासाठी डोळ्यांनी बघून, लक्ष देऊन पाऊल टाकावं लागतं. प्रत्येक पावलाला सही लागायला लागली, की बोलण्यासाठी खिडकी मोकळी कुठून मिळणार?

पार्किन्सन्समध्ये हे आणखी विचित्र होतं. तिथे ठेका आपोआप चालू ठेवणारी मेंदूतली यंत्रणाच दुबळी होते, आणि शिवाय अनेक रुग्णांमध्ये तोलाला आधी जपण्याची सवयही ढिली पडते. हातात चहाचा ट्रे आहे, कुणीतरी प्रश्न विचारला, तर ते ट्रेही धरून ठेवतात, उत्तरही देतात आणि तोल जातो. दारातून आत जाताना किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणं हेही अशाच वेळी जास्त होतं. अशा माणसाला आपण धीर द्यायला म्हणून चालता चालता बोलतं ठेवतो. हेतू चांगला, पण त्या क्षणी गप्प राहून नुसतं सोबत चालणं जास्त उपयोगाचं.

चालीवरून स्मरणशक्तीचाही अंदाज येतो. कॅनडातल्या मॅन्युएल मोंतेरो-ओदास्सो यांच्या गटाने विसरभोळेपणाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या ११२ वृद्धांना उलटे आकडे म्हणत आणि प्राण्यांची नावं घेत चालायला लावलं आणि काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दुहेरी कामात ज्यांचा वेग २० टक्क्यांहून जास्त घटत होता, त्यांच्यात पुढे डिमेन्शिया होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हा अभ्यास २०१७ चा. लेख वाचून लगेच आईला पॅसेजमध्ये चालवून निदान करू नका. आधीपासून विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या लोकांवर ही मोजणी झाली होती, आणि गुडघे दुखत असले तरी वेग कमीच भरतो. पण घरातलं कुणी हल्ली बोलताना थांबायला लागलंय, वळताना भिंत धरायला लागलंय असं दिसलं, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. 'पाय दुखतात' एवढंच सांगितलं तर तपासणी गुडघ्यावरच थांबते. जगात अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे वर्षाला ६ लाख ८४ हजार.

ठेका मदतीला येतो तेव्हा

दुसरं काम नेहमी चालीच्या वाटेतच येतं असंही नाही. चालीशी जुळणारा ठेका कानावर पडत असेल तर पाय सुधारतात. पार्किन्सन्सच्या रुग्णांना मेट्रोनोमच्या टिकटिकीवर किंवा तालावर चालवण्याची पद्धत १९९० च्या दशकापासून वापरात आहे. जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या तरी थिजलेले पाय सुटतात. पालख्या पुण्यात येतात तेव्हा टाळ-मृदंगावर 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत चालणारी दिंडी बघा. तोंड चालू, हात चालू, तरी पाऊल एकसारखं. दिंडीवर असा अभ्यास झाल्याचं मी म्हणत नाही, पण कारण समजू शकतं: ते शब्द जन्माचे पाठ आहेत, त्यांना खिडकीशी यावं लागत नाही, आणि ताल बाहेरून पावलाला मिळतोय.

जिनिव्हात ६५ वर्षांवरच्या १३४ जणांना घेऊन अशाच विचाराचा एक वर्ग चालवला होता. आठवड्यातून एकदा, पियानोच्या बदलत्या चालीवर पावलं टाकायची, मध्येच थांबायचं, वळायचं, कधी हातात वस्तू घेऊन चालायचं. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत त्या गटात पडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. दुहेरी काम टाळणं हा एक उपाय झाला. बेताबेताने त्याचा सराव करणं हा दुसरा, आणि तो जास्त टिकणारा दिसतो. लेझीम किंवा टिपऱ्या खेळलेल्या आज्यांना यात काही नवल वाटणार नाही.

तोवर रस्त्यावर करण्यासारखं बरंच आहे. आई-बाबांबरोबर लक्ष्मी रोड ओलांडायचा असेल तर 'डॉक्टरांनी गोळी सकाळी सांगितली की रात्री?' हा प्रश्न पलीकडे जाऊन विचारावा. पर्वतीच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या हातात पिशवी आणि फोन दोन्ही देऊ नये. एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. फोन वाजला तर भिंतीकडे सरकून, उभं राहून घ्यायचा, ही सवय सत्तरीतल्या माणसाइतकीच विशीतल्याला लावायला हवी. घरात दाराची बेल आणि फोन एकदम वाजतात तेव्हा 'आलो, आलो' म्हणत उठणारे बरेच जण वळताना पडतात. दाराबाहेरच्याला ओरडून थांबायला सांगावं आणि मग उठावं.

सराव करायचा तर ओट्याजवळ, हात टेकता येईल अशा ठिकाणी उभं राहून सुरुवात करावी. जागच्या जागी पावलं उचलत भाज्यांची नावं घ्यायची. ते जमलं की पॅसेजमध्ये चालताना, मग वळताना, मग हातात रिकामा पेला घेऊन, आणि शेवटी अर्धा भरलेला पेला घेऊन. पहिले काही दिवस सांगून ठेवायचं की नाव चुकलं तरी चालेल, लक्ष पावलाकडे ठेवा. नंतर आलटून पालटून कधी पावलाकडे, कधी नावांकडे लक्ष द्यायला सांगायचं. असं लक्ष हलवत केलेल्या सरावाचा फायदा जास्त होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. गेल्या वर्षभरात जे एकदा तरी पडलेत, त्यांनी मात्र हे पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोरच करावं.